दारातला दहा नंबरचा जोड

‘अर्जदार घरी मिळून आल्या नाहीत. वडील आत झोपले असल्याचे त्यांच्या मुलीने सांगितले. दाराबाहेर पुरुषाच्या वापरातील चपलांचा एक जोड समक्ष आढळून आला.’

ही तीन वाक्यं माझी आहेत. खाली माझी सही आहे, हुद्द्याचा शिक्का आहे. तिन्ही वाक्यांत खोटा शब्द एकही नाही. मुलगी तसंच म्हणाली होती आणि चपला तिथंच होत्या. तरीही उभ्या नोकरीत माझ्या हातून लिहिला गेलेला सगळ्यात चुकीचा कागद तोच. मला आता अडुसष्टावं चालू आहे. संपादकांनी तलाठ्याच्या नोकरीतल्या गमती मागितल्या होत्या. गमती पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलो की हा कागद आडवा येतो. म्हणून आधी हाच बाजूला करतो.

तलाठी म्हटलं की लोकांना सातबारा आठवतो. माझी सुरुवातीची वर्षं शाहूवाडीकडं गेली, तिथं तसंच होतं. कोल्हापूर शहरात बदलून आलो तेव्हा बांधांची भांडणं संपली आणि घरांच्या चौकशा सुरू झाल्या. निराधार पेन्शनच्या चौकशा त्यात सगळ्यात जास्त. विधवा बायका, नवऱ्यानं टाकलेल्या बायका अर्ज करतात. अर्ज तहसीलदार कचेरीत जातो, तिथून चौकशीसाठी तलाठ्याकडं येतो. तलाठी घर बघतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो आणि अहवाल लिहितो. त्यावरून समिती ठरवते. समितीतलं कुणी घर बघायला जात नाही. म्हणजे त्या बाईचं घर समितीला दिसायचं ते माझ्या डोळ्यांनी.

विधवेचं काम त्यातल्या त्यात सोपं असतं. मेलेल्याचा दाखला महापालिका देते. पळालेल्याचा दाखला कोण देणार? तो नाही, हे सिद्ध करायचं बाईनं आणि खरं-खोटं करायचं तलाठ्यानं.

माझ्या चौकशीचा कचेरीत दबदबा होता. मी कधीच आधी कळवून जात नसे. त्याला कारण मंगळवार पेठेतली एक विधवा. सुरुवातीला मी निरोप धाडून जायचो, तसा तिच्याकडं गेलो. खोलीत गादीची खुर्ची, टेबलफॅन, चकचकीत स्टीलचे ग्लास. मी मनात ‘परिस्थिती बरी’ असं लिहूनही टाकलं होतं. पाणी पिऊन ग्लास खाली ठेवताना बुडावरचं नाव दिसलं. ते शेजारणीच्या नवऱ्याचं होतं. फॅन वरच्या मजल्यावरचा होता, खुर्ची केशकर्तनालयातली होती. मी विचारलं, हे सगळं कशासाठी? म्हातारी फणकारली, “सरकारी माणूस दारात येनार, त्याला काय जमिनीवर बशिवू व्हय?”

तिची गरिबी तपासायला मी गेलो होतो, आणि ती मला दिसू नये म्हणून तिनं अर्धी चाळ खोलीत आणून ठेवली होती. पाहुणचार आमच्याकडं असा अंगात असतो. त्या दिवसापासून मी न कळवता जाऊ लागलो आणि प्रत्येक घरात भांडं उलटं करून नाव वाचू लागलो. ‘बुडं बघणारा तलाठी’ असं माझं नाव पडलं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

या चौकशांनी मला जे दाखवलं ते कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नसतं. सतरा घरचं धुणंभांडं करणारी एक बाई होती. चौकशीला घरी थांबले तर खाडा पडतो, म्हणाली. शेवटी मी तिच्याबरोबर एका घरातून दुसऱ्या घरी चालत चालत तिचा जबाब घेतला. ती पुढं, मी मागं, आणि माझीच दमछाक. बिनपुरुषाच्या या घरांत मला एक गोष्ट कायम दिसे. कागद मागितला की तो अर्ध्या मिनिटात पुढं यायचा. मुलांचे दाखले, रेशनकार्ड, लाइटचं बिल, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, खुंटीला. माझ्या घरी माझाच जन्मदाखला सापडायला दोन दिवस लागतात. या बायकांना एकदा चुकून चालत नाही, हे त्या पिशव्यांकडं बघून कळायचं.

रूपाली चावडीत आली तेव्हा तिच्याही हातात तशीच पिशवी होती. नाव मी बदललं आहे. वय तिशीच्या आत, माहेर गगनबावड्याकडचं. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर होता, तो एक दिवस टेम्पोसकट गेला. पुढं टेम्पो मिळाला, नवरा मिळाला नाही. दोन मुली. थोरली ऋतुजा सहावीत, धाकटी बालवाडीत. सकाळी मुलींचं आवरून ती घरात बसून चपलांच्या पट्ट्यावरची चामड्याची वेणी विणायची आणि दुपारी चारला एका खानावळीत चपात्या लाटायला जायची, ती नऊला परत यायची. अशात तिनं खोली बदलली होती. नवी गल्ली, ओळख कुणाची नाही.

अर्ज पुढं सरकवत ती म्हणाली, “पेन्शन झाली की खानावळ सोडतो, भाऊसाहेब. पोरी संध्याकाळच्या एकट्या असत्यात. थोरली आता मोठी व्हायला लागल्या. दिवं लागायच्या वक्ताला मी घरात असलो, की झालं.”

एवढंच मागणं होतं. दिवेलागणीला घरात असणं. मी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, घरी परतताना मी तिच्या खोलीवर गेलो. अर्थातच न कळवता. त्या दिवसातली ती माझी सहावी चौकशी. दाराबाहेर पुरुषाच्या कोल्हापुरी चपलांचा जोड होता, दहा नंबरचा असावा. चांगल्या जाड तळाच्या, दाराकडं तोंड करून नीट ठेवलेल्या. मी कडी वाजवली. आतून मुलीचा आवाज आला, “कोन हाय?”

“आई आहे का?”

“न्हाई. बाबा झोपल्यात.”

“उठव की त्यांना.”

“झोपल्यात म्हटलं न्हवं. उठीवलं की मारत्यात.”

दार काही उघडलं नाही. समोरच्या पानपट्टीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “असल की कोन तरी. चपला असत्यात रोज.” मी तिथंच गाडीच्या सीटवर कागद ठेवून ती तीन वाक्यं लिहिली. नवरा पळाला म्हणून अर्ज करायचा आणि तो घरात झोपलेला, असे प्रकार मी पाहिले होते. एक लबाडी पकडली या समाधानात घरी गेलो. घरोघर ग्लास उलटे करणाऱ्या मला चप्पल उलटी करून बघावी असं सुचलं नाही. उलटी चप्पल दारात भांडण आणते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून असेल. पण उलटी करायची गरजच नव्हती. नुसतं नीट बघायला हवं होतं.

समितीनं अर्ज नामंजूर केला. नामंजुरीच्या पत्रात कारण म्हणून माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवली गेली. रूपाली पुन्हा चावडीत आली नाही. मी तिला विसरलो.

पुढच्या पावसाळ्यात नदी शहरात शिरली. सखल गल्ल्यांतली माणसं शाळांत हलवली होती आणि आम्हा तलाठ्यांना तिथं कुटुंबांच्या याद्या करायचं काम लागलं. एका वर्गाच्या कोपऱ्यात फळ्याखाली रूपाली दिसली. मी तिला ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. पाणी चढताना तिनं घरातून काय काय आणलं होतं ते समोरच होतं. पांघरुणं, धाकटीचं दप्तर, कागदांची पिशवी, आणि अंथरुणाच्या कडेला, वर्गाच्या दाराकडून येणाऱ्याला आधी दिसतील अशा, त्या चपला.

नावं लिहायला मी जमिनीवर बसलो होतो, त्यामुळं त्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. कोल्हापुरी चपलेला अंगठा अडकवायला चामड्याचं कडं असतं. ते आतल्या बाजूला असतं. डाव्या चपलेचं उजवीकडं, उजव्या चपलेचं डावीकडं. या दोन्ही चपलांची कडी उजवीकडंच होती.

“ह्या दोन्ही डाव्या हायत की,” माझ्या तोंडून गेलं.

ती हसली. “व्हय. जोड जमला न्हाई म्हणून वेणीचं काम देनाऱ्या व्यापाऱ्यानं टाकल्याल्या. आमाला कुठं घालायच्यात? दारात दिसल्या म्हंजे झालं.”

“आणि नवरा?”

“नवरा असता तर डाव्या चपला मांडत बसलो असतो व्हय मी?”

शेजारणींना ठाऊक असतं, ती म्हणाली, चपला त्यांच्यासाठी नाहीत. नव्या गल्लीत, संध्याकाळी, वाट चुकल्याचं निमित्त करून येणाऱ्यासाठी आहेत. दार उघडायचं नाही आणि बाबा झोपल्यात म्हणून सांगायचं, हे तिनं थोरलीकडून घोकून घेतलं होतं. ‘उठीवलं की मारत्यात’ हे मात्र पोरीनं स्वतःच्या मनानं जोडलं होतं, आणि त्याचं आईला फार कौतुक होतं.

मी खाली बघत होतो. ती मात्र माझी समजूत काढायला लागली. “तुमचा कागद वाया न्हाई गेला, भाऊसाहेब. वरच्या गल्लीतला एक गडी पाणी मागायचं निमित्त करून रोज यायला लागलाता. त्याला त्यो कागद दाखिवला. सरकारनं तपासून लिवलंय, म्हटलं, घरात मानूस हाय. वाच. परत फिरकला न्हाई.” तिनं पिशवीतून तो काढून दाखवला. नामंजुरीचं ते पत्र तिनं लॅमिनेट करून घेतलं होतं.

मी हसलो. मला सुटल्यासारखं वाटलं. मग यादीत दोनच नावं झाल्याचं लक्षात आलं. थोरली कुठं आहे, विचारलं.

“भावाकडं, गगनबावड्याला. शाळा बी तिकडंच घातली.” ती धाकटीचं पांघरूण सारखं करत होती. “धाकटीला खानावळीत संगं नेतो. थोरलीला कसं न्यायचं? तिथं गडी मानसं. घरी ठेवायची भीती वाटाय लागली. पेन्शन झाली असती तर ठेवली असती.”

आवाजात टोमणा नव्हता. पाऊस कुठं किती पडला हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

काय करायचं ते मला माहीत होतं. ‘पूर्वीचा अहवाल चुकीच्या निरीक्षणावर आधारित होता, अर्जदार पात्र आहेत.’ अर्ध्या पानाचा मजकूर. पण चुकीच्या अहवालाचा खुलासा मागतात, तो लांबला की निवृत्तीची कागदपत्रं अडकतात, आणि मला निवृत्त व्हायला आठ महिने राहिले होते. मी तिला नव्यानं अर्ज करायला सांगितलं.

“चौकशीला परत तुमीच येनार न्हवं?” ती म्हणाली.

मी पुढच्या कुटुंबाकडं सरकलो.

माझ्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं आणि एका अधिकाऱ्यानं माझ्या अचूक अहवालांची तारीफ केली. पुढं कित्येक वर्षं मी हा प्रसंग चहाच्या टेबलावर सांगत आलो. दोन डाव्या चपला, लॅमिनेट केलेला कागद. लोक पोट धरून हसायचे. माझ्या त्या किस्स्यात थोरली मुलगी कधीच नसायची. तिला मी गाळत होतो, हे मला ठाऊक होतं.

गेल्या उन्हाळ्यात माझी दहा वर्षांची नात आमच्याकडं राहायला आली होती. दुपारी मी आतल्या खोलीत पडलो होतो. बेल वाजली. कुणी पार्सलवाला असावा. नात बंद दारामागून स्वच्छ आवाजात म्हणाली, “बाबा झोपलेत, नंतर या.” तिचे बाबा, म्हणजे माझा जावई, तेव्हा पुण्यात ऑफिसात होता. मला मुलीनं सांगितलं, आम्ही शिकवलंय तिला, एकटी असली की असंच म्हणायचं. सगळेच शिकवतात, ती म्हणाली. मी पंख्याकडं बघत पडून राहिलो. ऋतुजाचा आवाज मला दहा वर्षांनी शब्दन् शब्द ऐकू आला.

दुसऱ्या आठवड्यात प्रतिज्ञापत्र करून मी तहसील कचेरीत गेलो. माझा अहवाल चुकीचा होता, तो दुरुस्त करून दप्तरी ठेवावा. तिथला तरुण कारकून अदबीनं बोलला. त्यानं खुर्ची दिली, शोध घेतला आणि सांगितलं की त्या वर्षीचा गठ्ठा मुदत संपली म्हणून नष्ट केला आहे. “साहेब, मूळ कागदच नाही. दुरुस्ती कशात करू?”

माझी ती तीन वाक्यं आता जगात एकाच ठिकाणी असण्याची शक्यता होती, रूपालीच्या पिशवीतल्या पत्रात.

चपलांच्या व्यापाऱ्याकडं चौकशी करत रूपालीचं घर शोधलं. त्याच भागात, पण आता दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत तरटावर चार बायका वेण्या विणत होत्या. रूपाली काम धरते आणि यांना वाटून देते. चौघींपैकी तिघींच्या घरात पुरुष नाही. एकीचं मूल आजारी असलं की तिचा वाटा बाकीच्या उरकतात. संध्याकाळी सगळ्यांच्या पोरांचा अभ्यास याच खोलीत होतो, आणि पोरांवर लक्ष ठेवायला एक जण पाळीनं काम लवकर सोडते. दिवेलागणीला कुणीतरी घरात असावं, ही व्यवस्था सरकारला जमली नाही. रूपालीनं ती तरटावर बसून केली.

दारात बायकांच्या आणि पोरांच्या चपलांचा ढीग होता. दहा नंबरचा जोड त्यात नव्हता. मी विचारलं.

“त्या व्हय? खालच्या गल्लीत दिल्या. नवी पोरगी ऱ्हायला आल्या, दोन लेकरं हायत. आमाला काय आता गरज?”

मी आल्याचं कारण सांगितलं. सगळं सांगितलं. दिवसातली सहावी चौकशी, पानपट्टीवाला, निवृत्तीचे आठ महिने, चहाच्या टेबलावरचे किस्से. बायकांचे हात चालू होते. रूपाली म्हणाली, “जाऊ दे वो. झालं त्ये झालं.”

तेवढ्यात ऋतुजा कामावरून आली. ती एका तपासणी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. आईनं मी कोण ते सांगितलं. तिनं बॅग खाली ठेवली, खुंटीवरची पिशवी काढली आणि अर्ध्या मिनिटात ते लॅमिनेट केलेलं पत्र माझ्यापुढं धरलं.

“हितं बघा,” ती म्हणाली. बोट एका ओळीवर होतं. ‘वडील आत झोपले असल्याचे त्यांच्या मुलीने सांगितले.’ “मामाकडं जायच्या आदल्या दिवशी मी ह्ये वाचलो. मी बोललो म्हणून पेन्शन गेली, असंच मला वाटायचं. तीन वर्सं मामाकडं हुतो. आई दर रविवारी येष्टीनं यायची. तिकडचा पाऊस तुमाला ठावं असल. एक रविवार चुकला न्हाई तिचा. ती भिजून आली की मला वाटायचं, माझ्यामुळं.”

रूपालीच्या हातातली वेणी थांबली. त्या खोलीत मी गेल्यापासून पहिल्यांदाच तिचे हात थांबले.

“मला कधी बोलली न्हाईस त्ये,” ती म्हणाली.

“काय बोलू? तसं म्हणायला तूच शिकवल्यालं.”

मी प्रतिज्ञापत्राची घडी उघडत होतो, पुन्हा घालत होतो. कचेरीत हा कागद आता घेत नाहीत, मी सांगितलं. दिवाळी अंकात लिहीन म्हणतो, नावं बदलून, तुमची हरकत नसेल तर. रूपालीनं मुलीकडं बघितलं.

“लिवा की,” ऋतुजा म्हणाली. “पर पयल्यांदा त्यो अहवाल नीट लिवा. तुमच्या सरकारी भाषेतच लिवा. मी वाचनार.”

चहा आला. कपबशीत आला, आणि मी बशी उलटी करून बघितली नाही. कागद मांडीवर घेतला आणि तिथंच लिहिलं. तिनं दोन ठिकाणी सुधारणा सांगितल्या, त्या केल्या. मूळ प्रत त्या पिशवीत आहे, नक्कल इथं देतो.

‘अर्जदाराच्या दाराबाहेर चपलांचा एक जोड समक्ष आढळून आला. दोन्ही चपला डाव्या पायाच्या असून त्या घालून कोणीही चालू शकत नाही. घरात पुरुष नाही. अर्जदार पेन्शनला पात्र होत्या. अर्जदाराची मुलगी, वय अकरा, हिने बंद दारामागून दिलेले उत्तर तिला घराच्या राखणीसाठी शिकवलेले होते व ते तिने चोख दिले. पेन्शन तिच्या बोलण्यामुळे गेली नाही. चौकशी करणाऱ्याने पाहिले नाही म्हणून गेली.’

खाली सही केली. शिक्का आता माझ्याकडं नाही.